शाळेआधी पुस्तक : बदनावर, धार, देवासच्या मराठी घरांसाठी

बदनावर, धार आणि देवासकडच्या मराठी घरांतून तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल जे प्रश्न येतात, ते वर्षानुवर्षं तेच आहेत. घरात मराठी, गल्लीत माळवी, अंगणवाडीत हिंदी आणि ज्या शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय ती इंग्रजी माध्यमाची. मग मुलाशी बोलायचं कोणत्या भाषेत? साडेतीन वर्षांच्या मुलीला अजून 'अ' काढता येत नाही आणि शेजारची शंभरापर्यंत धडाधड म्हणून दाखवते, तर आमचं काही चुकतंय का? अंगणवाडीत घालावं की पैसे भरून नर्सरीत? आणि अलीकडे एक चौथा प्रश्न : आमच्या मंडळाकडे थोडे पैसे आहेत, रिकामा वेळ असलेली निवृत्त माणसं आहेत, आम्हाला या कामात काही करता येईल का?

पहिल्या तीन प्रश्नांचं बरंचसं उत्तर या चौथ्यातच आहे. बदनावर हा धार संस्थानचा जुना परगणा. पवारांच्या राज्यात इकडे आलेली, नंतर नोकरी-धंद्यानिमित्त स्थिरावलेली मराठी घरं आज विखुरलेली आहेत. एकट्या घरानं पुस्तकं आणायची, वाचून दाखवायचं, मुलाला सोबतीही शोधायचे, हे फार दिवस चालत नाही. चार घरं, एक अंगणवाडी आणि एखादं मंडळ एकत्र आलं तर चालतं. कसं, ते क्रमानं पाहू.

आधी एक घाई सोडा

सहा वर्षांच्या आत मुलाला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं कुठलंही सरकारी धोरण म्हणत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं तीन ते आठ वर्षांचा सलग 'पायाभूत स्तर' धरला आहे, म्हणजे अंगणवाडी-बालवाटिकेची वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एक टप्पा. अंगणवाड्यांसाठी 2024 साली आलेला 'आधारशिला' हा तीन ते सहा वर्षांचा अभ्यासक्रमही खेळ, गाणी, गोष्टी आणि हाताची कामं यांवर उभा आहे. तेव्हा मूल चार वर्षांचं असताना पुढच्या गोष्टी होताहेत का, एवढंच बघा :

- गोष्ट ऐकताना मध्येच 'मग?' विचारतं का.
- पाहिलेलं, घडलेलं आपल्या शब्दांत सांगतं का, मग ते कितीही उलटसुलट असो.
- यमक ओळखतं का. 'खार' म्हटल्यावर 'चार', 'दार' असं काही सुचतं का.
- पुस्तक हातात घेऊन पानं उलटतं का, चित्राकडे बोट दाखवून बोलतं का.
- खडूनं फरशीवर, काडीनं मातीत रेघोट्या ओढतं का, आणि 'हे काय काढलंस?' विचारलं तर उत्तर देतं का.

रेघोट्या हीच लेखनाची सुरुवात. चार रेघोट्यांना 'ही आजी' म्हणणाऱ्या मुलाला खुणेचा अर्थ असतो हे कळलेलं आहे. उरलेलं बोटांच्या ताकदीचं काम आहे आणि ती ताकद मटार सोलून, कणीक मळून, मणी ओवूनही येते. चार वर्षांच्या मुलाकडून वहीभर 'क' गिरवून घेण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. त्यातून वही भरते, आणि पुष्कळदा पुस्तकाचा कंटाळा रुजतो.

अंगणवाडी की नर्सरी?

दोन्हींपैकी काहीही निवडा, पण निवड करण्याआधी दोन्हीकडे जाऊन तासभर बसा. इमारतीचा रंग पाहू नका, मुलं किती बोलताहेत ते ऐका. चाळीस मिनिटांत एकाही मुलाला सलग दोन वाक्यं बोलायची संधी मिळाली नाही, तर ती जागा महाग असो की फुकट, आपल्या कामाची नाही.

अंगणवाडी ही एकात्मिक बाल विकास सेवेचा भाग. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पूरक आहार आणि लसीकरण सगळ्यांना ठाऊक असतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण हीही तिच्या सहा सेवांपैकी एक आहे, हे मात्र पुष्कळ पालक विसरतात. विसरतात म्हणून मागत नाहीत, आणि मागत नाहीत म्हणून ते मागे पडतं. मे 2023 पासून केंद्र सरकारनं 'पोषण भी पढ़ाई भी' या नावानं अंगणवाडी कार्यकर्त्यांना याच कामाचं प्रशिक्षण द्यायला घेतलं आहे. तुमच्या केंद्रावरच्या दीदींना ते मिळालं का, एवढा प्रश्न विचारलात तरी बोलणं सुरू होईल.

खासगी नर्सरी किंवा प्ले स्कूल निवडणार असाल तर हे विचारा :

- एका शिक्षिकेकडे किती मुलं? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत वीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण दिलं आहे.
- मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकं आहेत का? कपाटाला कुलूप असेल तर ती मोजू नका.
- गृहपाठ आहे का? असेल तर तो तुमच्यासाठी आहे, हे समजून घ्या.
- मूल घरच्या भाषेत बोललं तर काय करतात? 'हम तो टोक देते हैं' असं अभिमानानं सांगणारी जागा टाळलेली बरी.

मूल नर्सरीत गेलं म्हणून अंगणवाडीशी संबंध तोडू नका. वजन-उंचीची नोंद, लसीकरण, आरोग्य तपासणी तिथेच होते, आणि आपण पुढे ज्या वाचनाच्या तासाबद्दल बोलणार आहोत तोही तिथे बसवणं सगळ्यात सोपं.

वयाबद्दल थोडक्यात. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत, हे नव्या धोरणानुसार मध्य प्रदेशातही लागू आहे. नर्सरीसाठी तीन. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या-त्या वर्षीच्या आदेशात असतं, म्हणून शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. जनपद शिक्षा केंद्रात विचारा. जन्मतारीख मागे ओढून मुलाला लवकर पहिलीत बसवण्याचा खटाटोप तर अजिबात नको. ते एक वर्ष वाया जात नसतं.

घरात कोणती भाषा?

तुमची. आजी मराठीत बोलते, आजोबा बोलताना हिंदीकडे झुकतात, मावशी दोन्ही मिसळून बोलते, तर तसंच चालू द्या. दोन-तीन भाषांत वाढणारं मूल काही दिवस 'मला पानी दो ना' असली वाक्यं बोलतं. तो गोंधळ नाही. जवळ आहे ते सगळं वापरण्याची हुशारी आहे. टोकू नका. 'पाणी हवंय? हे घे पाणी,' एवढं म्हणा आणि पुढे चला.

माळव्यातल्या मराठी मुलाची एक सोय इतर ठिकाणच्या मुलांना सहसा मिळत नाही : मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. एका लिपीत मुरलेलं वाचन दुसऱ्या भाषेला फुकट मिळतं. 'ळ' हिंदीच्या पुस्तकात भेटणार नाही, पण माळवी बोलणाऱ्या शेजारणीच्या तोंडी तो दिवसभर असतो. म्हणून मराठी जपायची तर माळवीपासून मुलाला लांब ठेवा, हा जो सूर काही घरांत ऐकू येतो, तो सोडून द्या. शेजारच्या काकीची माळवी गोष्ट ऐकलेलं मूल आपल्या आजीची मराठी गोष्टही जास्त नीट ऐकतं.

इंग्रजीची घाई करणाऱ्यांना एकच सांगणं. ज्या भाषेत मुलाला 'का' विचारता येतं, तिच्यात त्याला आधी पुरेसं बोलू द्या. इंग्रजी शाळेत येणारच आहे.

अंगणवाडीशी हात मिळवायचे ते असे

'अंगणवाडी' ही कल्पनाच मुळात गावकऱ्यांच्या भागीदारीतून आली आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर हे काम आदिवासी पाड्यांपर्यंत वाढलं. अंगण द्यायला घर लागतं, दरी अंथरायला शेजारीण लागते. तेव्हाही लागत होतं.

मध्य प्रदेशात लोकसहभागाला सरकारी दरवाजा उघडाच आहे. मे 2022 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळच्या अशोका गार्डन भागात हातगाडी घेऊन अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा करत फिरले होते, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. अंगणवाडी 'दत्तक' घेण्याचं ते अभियान. वस्तू द्यायला लोक पुढे येतात, हे त्यातून दिसलं. वेळ द्यायला येतात का, हा खरा प्रश्न आहे, आणि लहान मुलांच्या वाचनाला वस्तूपेक्षा वेळच जास्त लागतो.

पायऱ्या अशा :

1. आधी दीदींना भेटा, अर्ज नंतर. अंगणवाडी कार्यकर्तीकडे पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, गृहभेटी, लसीकरण, सर्वेक्षण अशी कामांची रांग असते. तुम्ही तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायला आलात असं तिला वाटलं, की गाडं तिथेच अडतं. 'आठवड्यातला एक तास आम्ही मुलांना गोष्ट वाचून दाखवू, तुम्ही त्या वेळी समोर बसून तुमची नोंद करा,' असं सांगा.
2. वार ठरवा. मंगळवारी बहुतेक केंद्रांवर मंगल दिवसाचा कार्यक्रम असतो, म्हणून तो सोडा. लसीकरणाचा आणि हाटाचा वारही सोडा. सकाळच्या नाश्त्यानंतरची वेळ उत्तम; भुकेलं मूल गोष्ट ऐकत नाही.
3. पर्यवेक्षिकेला लेखी कळवा. अर्ज एकात्मिक बाल विकास परियोजना अधिकाऱ्यांच्या नावे, हिंदीत, पानभराहून मोठा नको. मजकूर साधा : 'हम प्रत्येक बुधवार को एक घंटा केंद्र के बच्चों को चित्र-पुस्तकें पढ़कर सुनाना चाहते हैं। इसके लिए कोई शुल्क नहीं लिया जाएगा।' खाली येणाऱ्यांची नावं. एक प्रत आवक शिक्का मारून परत घ्या.
4. मातृ सहयोगिनी समितीला सांगा. केंद्रावर लक्ष ठेवणाऱ्या, मदत करणाऱ्या या समितीत वस्तीतल्या बायकाच असतात. त्यांची नातवंडं तुमचे श्रोते आहेत. त्यांचा होकार असला की उद्या दीदी बदलल्या तरी तास बंद पडत नाही.
5. शाळेला विसरू नका. जवळच्या प्राथमिक शाळेच्या शाला प्रबंधन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. केंद्र शाळेच्या आवारातच असेल, तर शाळेच्या वाचनालयातली चित्रांची पुस्तकं महिन्याभरासाठी मिळू शकतात. नाही तरी ती पुष्कळ ठिकाणी पेटीतच असतात.

पुस्तकांची पेटी

तीस-चाळीस पुस्तकं पुरतात. जास्त आणली तर मुलं एकही पुस्तक पुन्हा मागत नाहीत, आणि या वयात तेच पुस्तक पंधरा वेळा ऐकणं हाच अभ्यास.

निम्मी हिंदी, निम्मी मराठी ठेवा. अंगणवाडीत येणारी बहुतेक मुलं मराठी नाहीत, हे लक्षात असू द्या. पेटी फक्त मराठीची केलीत तर ती मंडळाची होईल, वस्तीची होणार नाही. हिंदीसाठी 'एकलव्य'ची पुस्तकं पाहा. 1982 पासून मध्य प्रदेशात शिक्षणाचं काम करणारी ही संस्था, देवासलाही तिचं काम राहिलं आहे, आणि तिची पुस्तकं खिशाला परवडतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला दोन्ही भाषांत मिळते. मराठीत माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांतली पुस्तकं जरूर घ्या. त्यांतली घरं, माणसं, भांडणं आपल्या ओळखीची असतात. पैसे अगदीच कमी असतील तर 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी-हिंदी चित्रकथा मोफत आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापून शेजारी शेजारी ठेवली की काय होतं, ते एकदा करून बघाच.

पेटीचे नियम कमी ठेवा. पुस्तकाच्या कण्याला रुंद चिकटपट्टी लावा. कापडी पिशवीत घालून एक पुस्तक आठवडाभर घरी द्या. नोंदवही मुलाच्या नावानं ठेवा, बापाच्या नावानं नको. फाटलं तर दंड नाही, हरवलं तर विचारणा नाही. पहिल्या वर्षात चार-सहा पुस्तकं जाणार, हे धरूनच खरेदी करा. एकदा दंड लावलात की आई पुस्तक फडताळावर वर ठेवून देते आणि पुढच्या बुधवारी कोरं करकरीत परत आणते. ते न वाचलेलं असतं.

वाचनाचा तास

खुर्चीवर बसू नका. दरीवर, मुलांच्या पातळीला बसा. एका वेळी दहा-बारा मुलं. जास्त असतील तर दोन गट आणि दोन वाचणारे. पुस्तक छातीशी, चित्र मुलांकडे, आणि वाचताना ओळीखालून बोट हळूहळू सरकवा.

समजा पुस्तकात गोठा आहे. तुम्ही पान उघडता आणि गप्प बसता. पाच-दहा सेकंद जड जातात, जाऊ द्या. मग एक मुलगा ओरडतो, 'या तो म्हारी गाय हे!' इथे बहुतेक मोठी माणसं चुकतात. 'हो हो, गाय, बोला ग ग गायीचा' करून धडा सुरू करतात. तुम्ही विचारा, 'अच्छा, तेरी गाय? क्या नाम है उसका?' त्याला नाव सांगू द्या. ती मारकी आहे का, दूध कोण काढतं, वासरू कुठे असतं. शेजारची मुलगी मराठी घरातली असेल तर ती मध्येच 'आमच्याकडे म्हैस आहे' म्हणेल. पाच मिनिटांत एका चित्रावर तीन भाषांत बोलणं झालेलं असतं, आणि पुस्तकातल्या छापील ओळी अजून वाचायच्याच आहेत. आता वाचा. आता त्या ओळी ऐकायला सगळी मुलं तयार आहेत.

शेवटी एकच काम : मुलांना गोष्टीतलं काहीही काढायला सांगा आणि ज्यानं जे काढलं त्याबद्दल तो जे म्हणतो ते त्याच्या समोर, त्याच्याच शब्दांत, चित्राखाली लिहा. 'या म्हारी गाय हे' असंच लिहा, सुधारून हिंदी करू नका. आपण बोललेलं कागदावर उमटतं आणि तेच परत वाचता येतं, हे मुलाला इथे दिसतं. माझ्या मते अख्ख्या तासातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच.

वाचायला कोण? आजी-आजोबा सर्वांत चांगले, कारण त्यांना घाई नसते. वाचता न येणाऱ्या आजीनं गोष्ट सांगायची, पुस्तक दुसऱ्यानं धरायचं. तरुण आयांचा एक गटही करा. महाराष्ट्रात 2022 च्या 'पहिले पाऊल' अभियानात 'प्रथम' संस्थेच्या साथीनं गावोगाव माता गट झाले; शेजारच्या चार-पाच आया आठवड्यातून एकदा जमायच्या आणि घरात मुलाबरोबर करायच्या सोप्या कृती ठरवायच्या. भाजी निवडताना रंग-आकार लावायचे, पायऱ्या मोजायच्या, दुकानाच्या पाट्या वाचायच्या. खर्च शून्य. बदनावरच्या गल्लीत हे महाराष्ट्रापेक्षा सोपं जाईल असं वाटतं. दुपारी ओट्यावर बसायची रीत आपल्याकडे अजून आहे.

पैशाचं काय

काम छोटं असेल तोवर वर्गणी आणि डायरी पुरे. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून लेखी ठेवा. मोठी देणगी घ्यायची तर मंडळ मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी अधिनियम 1973 खाली नोंदलेलं हवं, त्याच्या नावे पॅन आणि बँक खातं हवं. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर '80 जी' म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची मान्यताही हवी.

बदनावर तालुक्यातल्या भैंसोला इथल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 17 सप्टेंबर 2025 रोजी झाली. उद्योग येतील तसा कंपन्यांचा सामाजिक निधीही येईल, आणि मंडळांचे डोळे आत्तापासून तिकडे लागलेत. चांगलंच आहे, पण तो निधी घ्यायला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म भरून संस्थेची नोंद असावी लागते. ती आधी करून ठेवा. आणि उद्योगाबरोबर परप्रांतांतून कामगारांची कुटुंबंही येतील. त्यांची मुलं याच दरीवर बसणार आहेत. पेटीत तेव्हा आणखी एखादी भाषा वाढवावी लागेल.

एक खड्डा इथे ठळकपणे दाखवतो, कारण मराठी मंडळं त्यात सहज पडतात. 'आमचा मुलगा अमेरिकेत आहे, तो पाठवेल पैसे.' मुलगा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत दप्तरी ठेवा. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगी ठरते, आणि विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखाली नोंदणी वा परवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. रक्कम लहान आहे, काम चांगलं आहे, या सबबी चालत नाहीत. त्यापेक्षा तो सुट्टीत येईल तेव्हा चार बुधवार वाचायला बसवा.

इथे सांभाळा

- मुलांची सुरक्षा. वाचायला येणारा कोणीही, कितीही ओळखीचा असो, मुलांबरोबर एकटा राहणार नाही. दीदी किंवा सहायिका समोर हवीच. हा नियम पहिल्या दिवशी सर्वांना सांगा, म्हणजे पुढे कोणाला राग येत नाही.
- फोटो. पालकांना न विचारता मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. देणगीदाराला पुस्तकांचा फोटो पाठवा.
- खाऊ. बाहेरचं खाणं दीदींना विचारल्याशिवाय वाटू नका. वाढदिवसाचे पेढेही.
- तक्ते. भिंतीवर अक्षरांचे तक्ते मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लागतात. मुलाच्या उंचीला लावा. नाहीतर ते पर्यवेक्षिकेसाठीच राहतात.
- समारंभ. उद्घाटन, शाल-श्रीफळ, फलक यांत पहिला महिना जातो आणि उत्साहही. आधी दहा बुधवार सलग होऊ द्या.
- मोबाईल. गोष्टीचा व्हिडिओ लावून दिला की तास निघून जातो, पण मूल काहीच बोलत नाही.

मूल बोलतच नसेल तर

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द हरवले असतील, तर 'दोन भाषा ऐकतो म्हणून उशीर होतोय' असं म्हणून थांबू नका. दोन भाषांमुळे असं होत नाही. सगळ्यात आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित आहे. तारीख दीदींना विचारा. पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात. सहा महिने वाट पाहून बघू, हा सल्ला कोणीही देवो, ऐकू नका.

तुमचे हक्क, थोडक्यात

- राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहाराचा हक्क आहे. मुलाचं स्वतःचं आधार कार्ड नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. नोंद आईच्या आधारवर होते.
- कामासाठी स्थलांतर करत असाल तर पोषण ट्रॅकरवर मुलाची नोंद नव्या केंद्रात हलवता येते. निघण्यापूर्वी दीदींना सांगा.
- शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागा खासगी शाळेच्या नर्सरी-केजीलाही लागू होतात, जर ती शाळा तिथून प्रवेश देत असेल. दुर्बल व वंचित गटांतल्या कुटुंबांनी ऑनलाइन अर्ज करायचा, सोडत निघते, मग कागदपत्रांची पडताळणी. समग्र आयडी आणि कागदांवरची नावं जुळतात का, ते आधीच बघा. मराठी आडनावांची हिंदी स्पेलिंगं तीन कागदांवर तीन तऱ्हेची निघतात आणि अर्ज तिथे अडकतो.
- पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- ठराविक दुकानातूनच पुस्तकं, गणवेश घ्या, अशी सक्ती खासगी शाळेला करता येत नाही. मध्य प्रदेशात त्यासाठी 2017 चा फी विनियमन कायदा आहे.
- भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा, असं संविधानाचा अनुच्छेद 350 क सांगतो. बदनावरला त्यातून उद्या मराठी शाळा निघेल असं समजू नका. पण अंगणवाडीच्या पेटीत मराठी पुस्तक का, असं कोणी विचारलं तर हे उत्तर खिशात असू द्या.

तक्रार आधी पर्यवेक्षिकेकडे, मग परियोजना अधिकाऱ्यांकडे, लेखी. पंधरवड्यात काही झालं नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन 181. मुलाच्या छळाची, उपेक्षेची शंका असेल तर वाट न पाहता 1098. दीदींची तक्रार मात्र विचार करून करा. आहार उशिरा आला, शाळापूर्व साहित्य आलंच नाही, यात पुष्कळदा तिचा दोष नसतो. तक्रार पुरवठ्याची करा.

येत्या आठवड्यात एवढंच करा : तुमच्या वॉर्डातली अंगणवाडी कुठे आहे ते शोधा, एक चित्रांचं पुस्तक पिशवीत टाका, सकाळी नाश्त्यानंतर जाऊन दीदींना विचारा, 'एक कहानी सुना दूँ बच्चों को?' मंडळाची सभा, अर्ज आणि पेटी यांच्या मागे लागायला पुढचा महिना आहे.